नसलेल्या कंपनीची जबलपुरातली ओळख

जबलपूरहून परत आल्यापासून आमच्या आळीतल्या बायका एकच विचारतात, "मंदाताई, संगमरवर पाहिला का?" पाहिला. पांढरा पाहिला, पिवळा पाहिला, आणि एका वळणावर तर असा गुलाबी पाहिला की त्याला दृष्ट लागू नये म्हणून मी नावेत बसल्या बसल्या बोटं मोडली. पण मी तिथं संगमरवर पाहायला गेले नव्हते. एक प्रश्न विचारायला गेले होते. त्याचं उत्तर अजून माझ्या डोक्यात नीट बसलेलं नाही. बसलं असतं तर हे लिहायला कशाला घेतलं असतं?

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी पुण्याच्या एका पाहणी करणाऱ्या कंपनीसाठी गावोगाव हिंडते. लोकांना विचारायचं, अमुक वस्तू म्हटली की तुम्हाला कुठल्या कंपन्या आठवतात? साबणापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं विचारून झालंय. साबणाच्या वेळी इतके नमुने मिळाले की कऱ्हाडात आमच्या शेजाऱ्यांची म्हैस वर्षभर चंदनानं दरवळत होती. तिचं दूध प्यायलेली पोरं अजून अंगाला पावडर लावत नाहीत.

ह्या खेपेला वस्तू निराळी होती. कारखान्यानं किती कोळसा, किती डिझेल, किती वीज जाळली आणि त्यापायी हवेत किती कार्बन गेला, ह्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर. परदेशी गिऱ्हाइकं आता माल उचलण्याआधी हा हिशेब मागतात. "म्हणजे," मी आमच्या सबनीस साहेबांना म्हटलं, "सोयरीक ठरवण्याआधी मुलाकडचे किती विड्या ओढतात ते विचारायचं?" ते म्हणाले, "तसंच समजा." मी तसंच समजले. गोंधळाची सुरुवात तिथंच झाली.

असलं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ. त्यातल्या एकीनं आम्हाला काम दिलं होतं. तिचं नाव इंग्रजीतल्या चार शब्दांचं. ते कुठं उघड करणार नाही अशी माझी सही घेतलेली. खरं सांगते, सही नसती तरी मला ते सांगता आलं नसतं. दुसऱ्या शब्दाशी यायचे तोवर पहिला विसरायचे. ह्या कंपनीचं जबलपुरात एक टेबल होतं आणि त्या टेबलाशी एकच माणूस, वीणा दिघे. कारखान्यांत खरेदी पाहणाऱ्या साहेबांपैकी निम्म्यांनी तरी कंपनीचं नाव आपणहून घेतलं तर ते टेबल राहणार, नाहीतर बंद. म्हणजे वीणाची नोकरी माझ्या पिशवीत होती, आणि पिशवीची चेन खराब होती.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आमच्या यादीत खऱ्या नावांबरोबर एक खोटं नाव घालायची रीत आहे. ते "हो, ऐकलंय" म्हणणारा पकडला जातो आणि त्याची सगळी उत्तरं केरात जातात. ह्या वेळी खोटं नाव पाडायचा मान माझा होता. मी पाडलं, 'धूम्रांक'. ना मालक, ना पत्ता, ना फोन. बारसं जेवलेली एकटी मी.

महाराजपूर

लगीनसराईमुळे एकाही हॉटेलात खोली नव्हती. वीणानं मला सरळ आपल्या घरी नेलं, महाराजपूरच्या कॉलनीत. बत्तीस वर्षांची, चष्मा लावणारी, स्कूटर मात्र अशी चालवते की आमच्या घाटातले ट्रकवाले तिला सलाम ठोकतील. घरी आई आणि वडील. वडील तिथल्या सरकारी फॅक्टरीतून निवृत्त, सगळी कॉलनी त्यांना नानाजी म्हणते. ह्यांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले आणि राहिले. मराठी घरात, हिंदी दारात. पण उंबरठ्यावर दोन्हींचा काला.

"या मंदाताई, बसा नं. काहून उभ्या राहून राहिल्या?" नानाजी म्हणाले. "चलो, आज अंगणातच जेवू."

अंगणात गोवऱ्यांचा जाळ करून त्यात कणकेचे गोळे भाजत घातले होते. ह्याला तिथं गक्कड म्हणतात. राख झटकायची, फोडायचं, तुपात बुडवायचं, आणि भाजलेल्या वांग्याच्या भरताबरोबर खायचं. वर ताज्या मटाराची उसळ. आमच्याकडे पाहुण्याला "आणखी वाढू का?" असं विचारतात. तिथं वाढून झाल्यावर विचारतात. वीणाच्या आईनं, म्हणजे माईंनी, मला इतके गक्कड वाढले की उठताना दोघांनी दोन्हीकडून धरलं, आणि खुर्चीही माझ्याबरोबर उठली.

धूर डोळ्यात जात होता. नानाजी हसून म्हणाले, "ताई, ह्या धुराचाही हिशेब मांडाल का तुम्ही? तुम्ही त्याच कामासाठी आल्या ना? कोणती कंपनी चांगली आहे ह्यातली?"

आता आली का पंचाईत! खरं नाव सांगायला बंदी. गप्प बसावं तर ते माझ्या स्वभावाला बंदी. मी म्हटलं, "धूम्रांक!"

आणि एकदा तोंड उघडल्यावर ते मिटायचं कसं हे मला कुणी शिकवलेलंच नाही. "अहो, धूम्रांकची माणसं तुमच्या धुवांधार धबधब्यावर आली होती, ठाऊक नाही? नावावरून त्यांना वाटलं, केवढा कारखाना असेल! यंत्र लावलं. काटा फिरला, फिरला, आणि हात टेकून बसला. कागद निघाला तो कोरा. मग त्यांच्या साहेबानं नर्मदामाईची माफी मागून चुनरी वाहिली, आणि तेव्हापासून त्या कंपनीचा हिशेब एका कणानं चुकलेला नाही."

"अच्छा!" नानाजी म्हणाले. माईंनी हात जोडले. वीणा फोनवर होती, कुठल्याशा कारखान्याचे कोळशाचे आकडे विचारत. तिनं ऐकलं नाही.

सकाळी स्कूटरवर मागे बसले तेव्हा ती वळून न पाहता म्हणाली, "मावशी, माझं टेबल बंद होऊन राहिलं आहे का? मला कोणी सांगत नाही. पण तुम्ही उगीच नाही आल्या."

मी म्हटलं, "पुढं बघ, म्हैस आहे." म्हैस नव्हती.

रिछाई, मग पनागर

रिछाईच्या कारखान्यांच्या वस्तीत पहिला नंबर भट्टीच्या विटा करणाऱ्यांचा. वीणा मला फाटकाशी सोडून गेली. तिच्यासमोर विचारणं नियमात नव्हतं. खरेदी अधिकारी तिवारीजी, मिशा अशा की दोन माणसांना पुरून उराव्यात. आमच्या गावी अनोळखी माणसानं प्रश्न विचारला तर आधी "तुम्ही कोण?" होतं. तिथं आधी चहा, मग "आप तो हमारी बुआ जैसी हैं," मग प्रश्न.

मी विचारलं, "कार्बनच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर म्हटलं की कोणती नावं आठवतात?"

तिवारीजींनी छाती पुढं काढली. "धूम्रांक!"

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. "काय?"

"धूम्रांक, बुआजी। बहुत बड़ी कंपनी है। धुआँधार नापने आई थी। काँटा टूट गया!"

काटा तुटला नव्हता हो, बसला होता, असं अगदी तोंडावर आलं होतं. गिळलं. मनाशी म्हटलं, योगायोग असेल. जगात योगायोग असतात. माझं लग्न हा एक होता.

तिथून पनागर. दोन्ही बाजूंना मटाराची शेतं, रस्त्याकडेला पोत्यांचे ढीग, हवेत हिरवा गोडसर वास. मटार सोलून गोठवणाऱ्या कारखान्यात साहूजी नावाच्या बाई खरेदी बघतात. गंभीर, मोजकं बोलणाऱ्या. ह्या काही फसायच्या नाहीत, असं वाटून मला हायसं वाटलं.

"एक ही नाम याद आता है," त्या म्हणाल्या. "धूम्रांक। उनके साहब तो सब छोड़कर परिक्रमा पर निकल गए।"

आता मात्र हद्द झाली. साहेबाला मी चुनरीपर्यंत आणून सोडला होता, परिक्रमेला धाडला नव्हता! मग धाडला कुणी? की अशी कंपनी खरोखरच आहे? मी पाडलेलं नाव आधीच कुणीतरी पाडून ठेवलं होतं की काय? माणसाच्या डोक्यात नाव कुठून येतं ह्याचा विचार करत मी सोललेले मटार मूठमूठ खात बसले. साहूजींनी शांतपणे टोपलं माझ्यापासून लांब सरकवलं.

सिव्हिल लाइन्समध्ये एका मोठ्या बांधकाम कंपनीचं कार्यालय आहे, जुन्या बंगल्यात. तिथला आशिष मराठी घरातला. "मला समजतं सगळं, आंटी, फक्त बोलायला गेलो की... गड़बड़ होते," तो लाजून म्हणाला. मी खुशीनं मराठीत प्रश्न विचारला. त्याला तो समजला. उत्तर आलं, "धूम्रांक जी."

'जी'! माझ्या खोट्या कंपनीला आता मानही मिळू लागला होता. मला निवृत्तीनंतरसुद्धा अजून कुणी जी म्हटलेलं नाही.

बाहेर येऊन साहेबांना फोन केला. "साहेब, धूम्रांक कंपनी आहे का हो?"

"मंदाताई, ते नाव तुम्हीच दिलंत."

"तेच विचारते. मी दिलं ते बरोबर, पण आहे का?"

"ऊन फार आहे का तिकडं?" साहेबांनी काळजीनं विचारलं. मग त्यांना काय झालं ते कळलं आणि आवाज बदलला. "हे नाव घेणाऱ्या सगळ्यांची उत्तरं बाद. असंच चाललं तर अख्खं जबलपूर बाद होईल. मग ते टेबल राहत नाही, एवढं लक्षात ठेवा."

लक्षात होतंच. घरी गेले तेव्हा वीणा माझ्यासाठी मुगाचे गरम मंगोडे, म्हणजे भजी, घेऊन दारात उभी होती. मी खाल्ले, पण चव घेऊन नाही. एवढ्यावरून माझी अवस्था ओळखा.

भेडाघाट

रविवारी सगळे भेडाघाटला गेलो. धुवांधार जवळून पाहिला. नर्मदा तिथं पडत नाही, उकळते, आणि तिची वाफ वर येऊन चष्म्यावर बसते. मी कठड्यापाशी वाकून पाहताना माझी डाव्या पायाची चप्पल सटकली आणि नर्मदामाईच्या ओटीत गेली. ती आता भडोचला पोचली असेल. उजवी मी हट्टानं पायात ठेवली. एका चपलेनं चालणाऱ्या बाईला लोक आपोआप वाट देतात, हे करून बघा.

मग नावेत बसलो. दोन्हीकडे संगमरवराचे कडे, मधे हिरवं पाणी इतकं गप्प की आपण बोललेलं आपल्यालाच उद्धटपणाचं वाटावं. अर्थात नावाडी बोलतच होता. तिथले नावाडी यमकांत बोलतात. कुठं हत्तीचा पाय दाखवतात, कुठं कडे इतके जवळ होते की माकडं उडी मारून पलीकडे जायची ती जागा. थापा ऐकण्याच्या बाबतीत मी फार चोखंदळ आहे, आणि हा गडी चांगला होता. मी मान डोलवत होते. तेवढ्यात तो वल्हं थांबवून म्हणाला,

"आगे देखो संगमरमर, पीछे देखो धार,
धूम्रांकवाले नापने आए, मान गए वो हार!"

मी उभी राहिले. नाव डुलली. माई "हे राम" म्हणाल्या. "बसा, मावशी!" वीणा ओरडली.

"तुला हे कुणी सांगितलं?" मी नावाड्याला विचारलं.

त्यानं वल्हं नानाजींकडे रोखलं. नानाजी असे हसत होते जणू माझ्या वाढदिवसाचा केक लपवून ठेवला होता.

"सांगितलं की नाही सगळ्यांनी बरोबर?" ते म्हणाले. "ताई, पोरीला टेबल बंद व्हायची धास्ती होतीच. तुम्ही आल्या त्याच रात्री मी फोन लावत बसलो. तिवारी माझ्या हाताखाली होता. साहू बाईंचे सासरे माझ्यासोबत गणपतीच्या समितीत. सगळ्यांना सांगितलं, पाहुण्या विचारायला येऊन राहिल्या, धूम्रांकचंच नाव घ्या. आपल्या पोरीच्या नोकरीचा सवाल आहे!"

"पण नानाजी," मी म्हटलं, "ती वीणाची कंपनी नाही."

"नाही?" त्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "तिच्या कंपनीचं नाव मला कधी घेताच नाही आलं. तुम्ही एवढं कौतुक करून राहिल्या होत्या. मला वाटलं, नाव बदललं असेल. बदलतात ना हे लोक?"

मी सगळं सांगितलं. खोटं नाव कशाला घालतात, ते घेणाऱ्याचं काय होतं. नावाडीसुद्धा यमक विसरून ऐकत होता. वीणा कड्यांकडे पाहत होती. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मदतच करून राहिले होते." एवढंच. नानाजींनी पाण्यात हात बुडवला आणि परत येईपर्यंत तो बाहेर काढला नाही.

मला वाटत होतं, माझी दुसरी चप्पलही जावी आणि सोबत मीही.

पुन्हा रिछाई

सोमवारी माईंच्या चपला घालून मी पुन्हा निघाले. त्या एक माप मोठ्या होत्या, त्यामुळे मी कुठंही पोचायच्या आधी माझा आवाज पोचत होता. ह्या वेळी पिशवीतून यादीच काढली नाही. नानाजींनी सकाळीच सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं, खरं ते सांगा.

"तिवारीजी," मी म्हटलं, "नाव राहू द्या. परदेशी गिऱ्हाइकानं कार्बनचा हिशेब मागितला की तुम्ही काय करता?"

"करना क्या है? दीदी को फोन लगाते हैं।"

"कोण दीदी?"

"वीणा दीदी! और कौन?" मी चंद्रावरून आले असावे असं ते बघत होते. "भट्ठी का कोयला, गाड़ी का डीज़ल, सब वही समझाती हैं। पिछली बार तो दो दिन यहीं बैठी रहीं।"

"आणि त्यांची कंपनी कोणती?"

तिवारीजींनी पंख्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मिशीचं एक टोक चावलं. "कंपनी? दीदी की ही होगी।"

साहूजी म्हणाल्या, "नाम से क्या? फोन तो दीदी ही उठाती हैं।" आशिष म्हणाला, "कंपनीचं नाव बिलावर असते, आंटी. वाचलं नाही कधी." एकालाही ते चार शब्द येत नव्हते. आणि वीणाचा फोन नंबर सगळ्यांना पाठ होता. साहूजींनी तर तो डोळे मिटून म्हणून दाखवला.

मी उड्या मारत साहेबांना फोन लावला. म्हटलं, ही कसली ओळख पाहिजे तुम्हाला आणखी? देवाला तरी एवढे लोक नावानं हाक मारतात का?

साहेब भले आहेत, पण साहेब आहेत. "पटतंय, मंदाताई. पण गिऱ्हाइकानं कंपनीच्या नावाचं विचारलंय. माणसाचं नाव लिहायला जागाच नाही. पहिली फेरी नियमानं बाद, आणि दुसऱ्या फेरीत त्यांच्या नावापुढं शून्य."

ज्या शहरात सगळे एका मुलीला ओळखतात तिथं तिच्या कंपनीला कुणी ओळखत नाही असं लिहायचं होतं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी आयुष्यभर थापा मारल्या, पण एवढी मोठी मला कधी जमली नाही.

संध्याकाळी वीणा मला खव्याची जिलबी खायला घेऊन गेली. काळपट, जाड, आत खवा आणि बाहेर पाक. एक खाल्ली की माणूस सज्जन होतो, दोन खाल्ल्या की झोपतो. मी दुसरीवर तिला सगळं सांगून टाकलं आणि पाकात डोळ्यांतलं पाणी मिसळलं.

ती शांतपणे बोटं चाटत होती. "दोन वर्षं ते नाव मी प्रत्येक कारखान्यात घेऊन राहिली आहे, मावशी. कोणाच्या ध्यानात नाही?"

"नाही गं. तूच राहिलीस ध्यानात."

"अच्छा." तिनं रुमालानं चष्मा पुसला. "एक सांगा. धूम्रांक हे नाव कोणाचं आहे?"

"कुणाचंच नाही."

"पक्कं?"

"अगं, मीच जन्माला घातलंय ते."

"मग मला द्या," वीणा म्हणाली. "इंदूरची माझी मैत्रीण सॉफ्टवेअर लिहून देते, कधीची मागे लागली आहे. मीच घाबरून राहिली होती, नवं नाव कोण ओळखणार म्हणून." आणि ती एकदम हसायला लागली. "नावाडीसुद्धा ओळखतो!"

मी उष्ट्या हातानंच तिला नाव देऊन टाकलं. वर आणखी एक जिलबी मागवली, बारशाची म्हणून.

घरी आल्यावर नानाजींनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न मला विचारला, "ताई, मग आता ती धुवांधारची गोष्ट खरी की खोटी?"

मी वाकून माईंच्या चपला जागेवर ठेवू लागले.

टेबल महिन्याभरात बंद झालं. पुढं काही महिने गेले, आणि परवा सबनीस साहेबांकडून नव्या पाहणीची यादी आली, ह्याच वस्तूची, काम देणारी कंपनी मात्र दुसरी. वरून चौथं नाव पाहिलं आणि चष्मा काढून पुन्हा घातला. धूम्रांक, जबलपूर. खऱ्या कंपन्यांत. खाली साहेबांची ओळ, 'मंदाताई, जुनं खोटं नाव आता चालणार नाही. कुणाच्याही ऐकण्यात नसेल असं नवं कळवा.'

मी बराच वेळ विचार केला. सही आठवली, पण ती नाव उघड न करण्याची होती, आणि जे कुणाच्या ध्यानातच राहत नाही ते उघड कसं व्हायचं? मग जुनी कागदपत्रं काढून, एकेक शब्द तपासून, इंग्रजीतलं ते चार शब्दांचं नाव साहेबांना कळवलं.